वारीची पिशवी आणि सत्तरीचे खांदे

ज्येष्ठ महिना सरत आला की माझ्या दवाखान्यातील संभाषणांचा विषय आपोआप पालटतो. रक्तदाब, साखर, गुडघे हे सारे असतेच. पण त्याच्या मागून एक प्रश्न हळूच पुढे येतो, ‘डॉक्टर, यंदा चालत जाऊ ना?’ सोलापूरकरांना पंढरपूर जवळचे, जेमतेम सत्तर-पंचाहत्तर किलोमीटरांचे. तरीही येथील कित्येक वृद्ध मंडळी पुण्याची गाडी पकडून आळंदी गाठतात आणि माउलींच्या पालखीबरोबर सुमारे २५० किलोमीटर चालत आपल्याच जिल्ह्यात परततात. शेगावहून गजानन महाराजांच्या पालखीसोबत येणारे तर ७०० किलोमीटरांहून अधिक अंतर तुडवून आपल्या शहरातून पुढे जातात.

यंदा एक आजी मुलाला घेऊन आल्या. वय ७१, वजन ४६ किलो, रक्तदाब आणि मधुमेह दोन्ही गोळ्यांवर आटोक्यात. मुलाचे म्हणणे, ‘आईला आता थांबायला सांगा.’ आजींचे म्हणणे काहीच नव्हते. त्या नुसत्या माझ्याकडे पाहत होत्या. गेल्या वर्षी वाटेत त्यांना भोवळ आली होती, हे मुलाने सांगितले. तपासणीत त्यांना रोखावे असे काही आढळले नाही. हृदयालेख ठीक होता, तळपायांची संवेदना शाबूत होती. मग मी विचारले, ‘आजी, भोवळ आली त्या दिवशी गोळ्या घेतल्या होत्या का?’ उत्तर आले, ‘गोळ्या ट्रकात होत्या, डॉक्टरसाहेब. ट्रक रात्री उशिरा पोहोचला.’

येथेच खरी मेख आहे. दिंडीत अंथरूण-पांघरूण आणि कपड्यांची मोठी पिशवी ट्रकातून पुढच्या मुक्कामाला जाते. वारकऱ्याच्या अंगावर राहते ती दिवसभराची लहान पिशवी. म्हणजे पिशव्या दोन, आणि कोणती वस्तू कोणत्या पिशवीत, हा प्रश्न पिशवीच्या किमतीपेक्षा महत्त्वाचा. निदान एका आठवड्याची औषधे अंगावरच्या पिशवीत हवीत, उरलेली ट्रकातल्या पिशवीत वेगळ्या डब्यात. इन्सुलिन मात्र ट्रकात कधीही ठेवू नये. तापलेल्या टपाखाली त्याची शक्ती जाते. ओलसर फडक्यात गुंडाळून ते सावलीत, आपल्यापाशीच असावे. साखर उतरवणारी औषधे घेणाऱ्यांनी खडीसाखर पिशवी न उतरवता हाताला लागेल अशा कप्प्यात ठेवावी. घाम फुटून हात थरथरू लागल्यावर बंद सोडवत बसण्याइतका वेळ नसतो.

मुलाने भोवळीवर उपाय म्हणून आईसाठी गिर्यारोहकांची साठ लिटरांची भलीमोठी सॅक आणली होती. ‘सगळं हिच्याजवळच राहील,’ असा त्याचा विचार. हेतू प्रेमाचा, पण सॅक काट्यावर ठेवली तेव्हा ती साडेनऊ किलो भरली. आजींच्या वजनाच्या पाचव्या हिश्श्याहून अधिक! धडधाकट वृद्धानेही दिवसभर चालताना आपल्या वजनाच्या दहाव्या हिश्श्यापलीकडे ओझे घेऊ नये, असे मी सांगतो. हाडे ठिसूळ असतील वा गुडघे झिजले असतील तर त्याहून कमी. या आजींसाठी मी तीन किलोंची मर्यादा घातली.

तपासणीच्या टेबलावर सॅक रिकामी केली. सोलापुरी चादर निघाली. आपल्या गावाचा अभिमान खरा, पण भिजली की ती उचलवत नाही. तिची जागा ट्रकात. दोन लिटर पाणी म्हणजे दोन किलो वजन. वाटेत जागोजागी टँकर आणि सेवेकरी असतात, अर्ध्या लिटरची बाटली पुन्हा पुन्हा भरावी. चार लुगडी, स्टीलचे डबे, शेंगाचटणी, कडक भाकरी. भाकरी हलकी, ती राहू दिली. तळाशी फडक्यात बांधलेले काहीतरी जड लागले. मुलगा म्हणाला, ‘हे काय?’ आजोबांचे टाळ होते. ते जाऊन तीन वर्षे झाली आणि दर वारीत ते टाळ आईच्या पाठीवर असतात, हे मुलाला ठाऊक नव्हते. साडेचारशे ग्रॅम. काही वेळ कोणीच बोलले नाही. टाळ मी तीन किलोंच्या हिशेबात धरले आणि त्यासाठी एक लुगडे ट्रकात धाडले.

आता पिशवीविषयी. एका खांद्यावरची शबनम वा झोळी मला पसंत नाही. शरीर एका बाजूला कलते, मान आखडते आणि पट्टा मज्जातंतूंवर दाब देत राहिला तर हाताला मुंग्या येतात. दोन रुंद, गादीचे पट्टे हवेत आणि छातीवर जोडणारा एक बारीक पट्टा. मान खाली घातली की तिच्या मुळाशी एक हाड उंच लागते. तेथपासून कमरेच्या हाडाच्या वरच्या कडेपर्यंत घरातल्या कोणी टेपने मोजावे. पिशवी या मापापेक्षा लांब नको, नाहीतर ती ढुंगणावर आपटत राहते. रिकाम्या पिशवीचेच वजन विचारून घ्यावे. दुकानदार लिटर सांगतो, ग्रॅम सांगत नाही. पेसमेकर बसवलेल्यांनी पट्टा नेमका त्या जागेवर येतो का, हे आपल्या हृदयरोगतज्ज्ञांना दाखवावे. पाठीला बाक आलेल्यांना पाठपिशवी पुढे ढकलते. त्यांनी कमरेची छोटी पिशवी बांधून बाकी सारे ट्रकात द्यावे. डोक्यावर तुळशीवृंदावन घेणाऱ्या भगिनींपैकी ज्यांना मानेचा विकार आहे, त्यांनी पाळी वाटून घ्यावी.

अमेरिकेत सुमारे ३,५०० किलोमीटरांची अॅपलेशियन ट्रेल नावाची डोंगरवाट आहे. १९५५ साली एमा गेटवुड या ६७ वर्षांच्या, अकरा मुलांच्या आईने ती एकटीने पुरी केली. पाठीवर गिर्यारोहकांची सॅक नव्हती. जाड सुती कापडाची घरी शिवलेली झोळी एका खांद्यावर आणि पायांत कापडी बूट. पावसासाठी न्हाणीघरातला पडदा! एका खांद्याची झोळी मी तिलाही सुचवली नसती. पण सोबत किती थोडे लागते, हे तिला पक्के कळले होते.

भरलेली पिशवी जमिनीवरून वाकून, हिसका देऊन उचलू नये. ठिसूळ मणका अशाच क्षणी दबतो. ओट्यावर किंवा खुर्चीवर ठेवून, दुसऱ्याने धरलेली असताना पट्टे चढवावेत. निघण्यापूर्वी दोन आठवडे ती भरून रोज थोडे चालावे. आपल्याकडे सिद्धेश्वर तलावाचा परिसर त्यासाठी उत्तम. खांद्यावर लाल वळ उठले, बोटे बधिर झाली, तर पट्टे बदला किंवा वजन उतरवा. दिवेघाटाच्या चढावर हे लक्षात येऊन उपयोग नाही. आणि वेळापूरजवळ धावा होतो तेव्हा, ज्येष्ठांनो, पिशवी पाठीवर असताना उतारावर धावू नका. कडेने चालत या, विठोबा रागावणार नाही. आतल्या वस्तू प्लास्टिकच्या पिशवीत बांधाव्यात. पुढच्या कप्प्यात नाव, आजार, औषधे, दिंडी क्रमांक आणि घरचा दूरध्वनी लिहिलेली चिठ्ठी असावी.

पुढच्या सोमवारी आजी पुन्हा आल्या, नव्या लहान पिशवीसह. काट्यावर भरली २ किलो ८०० ग्रॅम. मुलानेच ती त्यांच्या पाठीवर चढवली आणि पट्टा नीट केला. शेंगाचटणीची पुरचुंडी मी काढून ठेवायला सांगितली होती, ती आत तशीच होती. मी विचारले नाही.