आधी संगोपन, मग दत्तक

दत्तकासाठी ‘कारा’ या केंद्रीय दत्तक यंत्रणेकडे नाव नोंदवणाऱ्या बहुतेकांना तान्हं बाळ हवं असतं आणि त्यासाठी तीन-तीन वर्षं थांबायची त्यांची तयारी असते. तेवढ्या काळात बालगृहातली सहा-आठ वर्षांची मुलं मोठी होत जातात. दर वाढदिवसाला त्यांना घर मिळण्याची शक्यता घटते. ही कोंडी फोडण्यासाठी केंद्राने २०२४ मध्ये फॉस्टर केअरचे, म्हणजे तात्पुरत्या संगोपनाचे, नियम बदलले. सहा वर्षांवरचं मूल आधी सांभाळायला न्यायचं आणि दोन वर्षांत ते घरात रुळलं, तर रीतसर दत्तक घ्यायचं. पूर्वी ही मुदत पाच वर्षांची होती. एकट्या व्यक्तींनाही आता ही वाट मोकळी आहे.

मुदत कमी झाली ते योग्यच झालं. आठव्या वर्षी आलेलं मूल तेरावं लागेपर्यंत हजेरीपटावर वेगळ्याच आडनावाने का राहावं? आणि मोठ्या मुलाशी नातं एका भेटीत जुळतही नाही. उपाशी दिवस पाहिलेलं मूल पोटभर जेवल्यावरही उशीखाली पोळी दडवून ठेवतं. जरा आवाज चढला की ‘मला परत पाठवणार का?’ असं विचारतं. यामागची भीती ओळखायला नव्या आईबापांनाही अवधी लागतो.

पण हाच अवधी मुलाच्या बाजूने पाहिला तर छातीत धस्स होतं. मोठ्यांना माघार घ्यायची सोय आहे. मुलाला मात्र दोन वर्षं आपण ‘पसंत’ पडू की नाही, या धास्तीत काढावी लागतात.

त्याहून मोठा प्रश्न जन्मदात्या आईचा आहे. बालगृहातली सगळीच मुलं अनाथ नसतात. कुणाची आई आजारी असते, कुणाचा बाप तुरुंगात, कुणाच्या घरी नुसतंच दारिद्र्य. मुलाला तात्पुरतं सांभाळून शक्यतो आपल्या माणसांत परत पोचवायचं, हा संगोपनाचा मूळ हेतू. सांभाळणाऱ्यांच्या मनात दत्तकाची आशा पहिल्या दिवसापासून असेल, तर त्या आईसाठी कोण झटणार? आपल्या राज्यात सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजनेतून एका मुलासाठी महिना २,२५० रुपये मिळतात. तेवढ्या आधारावर कितीतरी विधवा आपली लेकरं जवळ ठेवू शकतात. ती रक्कम वेळेवर मिळणं हे कोणत्याही दत्तकाच्या आधीचं काम आहे.

तरीही, ज्या मुलाला परतायला घरच उरलेलं नाही, त्याच्यासाठी ही वाट बंद करावी असं आम्हाला वाटत नाही. बालगृहात अठरा वर्षं पुरी करण्यापेक्षा ती नक्कीच बरी. मात्र तान्ह्यांसाठीची रांग चुकवायचा आडमार्ग म्हणून ती कधीही वापरली जाऊ नये.

बाल न्याय कायद्यानुसार बाल कल्याण समितीने मूल सांभाळणाऱ्या घरांची दरमहा पाहणी करायची असते. समितीत अध्यक्ष धरून माणसं पाच; जिल्ह्यात तालुके डझनभर. त्यांच्या हाताखाली पुरेसे समुपदेशक सरकारने आधी नेमावेत आणि प्रत्येक भेटीत मुलाशी एकट्याने बोलणं सक्तीचं करावं. दत्तकासाठी पाच वर्षांवरच्या मुलाची संमती नियमाने लागतेच. ती अर्जावरची खूण न राहता दोन वर्षं त्याचं म्हणणं ऐकूनच घेतली गेली पाहिजे. या गोष्टी होत नसतील, तर नव्या नियमाला आमचा पाठिंबा नाही.