मशेरीची डबी आणि मोबाईलमधला गांजा

सप्टेंबर २०२० मध्ये महाराष्ट्रात करोनाचे रोज वीस-वीस हजार नवे रुग्ण सापडत होते आणि घरोघरचा टीव्ही मात्र नट्यांच्या मोबाईलमध्ये डोकावण्यात दंग होता. चित्रीकरणासाठी गोव्यात असलेली दीपिका पदुकोण मुंबईला परतली आणि २६ सप्टेंबरला केंद्राच्या अमली पदार्थ नियंत्रण विभागाने (एनसीबी) तिची, श्रद्धा कपूरची आणि सारा अली खानची चौकशी केली. आधार जुन्या व्हॉट्सअॅप संदेशांचा. तिघींपैकी एकीवरही पुढे आरोपपत्र आले नाही. आमच्या कसालच्या तिठ्यावर मात्र निकाल त्याच दिवशी लागला होता: ‘बायलमाणसान गांजो ओढूचो?’ गांजा वाईट की चांगला, हा प्रश्न कुणी काढलाच नाही. ओढणारी बाई आहे, एवढे पुरेसे होते.

त्याआधी ८ सप्टेंबरला अभिनेत्री रिया चक्रवर्तीला अमली पदार्थांच्या याच प्रकरणात अटक झाली होती. जवळजवळ महिनाभर ती भायखळ्याच्या तुरुंगात होती. ७ ऑक्टोबरला मुंबई उच्च न्यायालयाचे न्या. सारंग कोतवाल यांनी तिला जामीन दिला, तेव्हा सरकारी पक्षाचे म्हणणे होते की, नामवंतांशी कडकच वागले पाहिजे, म्हणजे तरुणांना जरब बसेल. न्यायालयाने ते मानले नाही. प्रसिद्ध माणसाला कायद्यापुढे जशी खास सवलत नाही, तसा खास बोजाही नाही, असे निकालपत्रात स्वच्छ म्हटले आहे. हा निकाल किती जणांनी वाचला? पुढच्याच महिन्यात विनोदी कलाकार भारती सिंग हिच्याकडे ८६.५ ग्रॅम गांजा सापडला आणि पुन्हा तोच तमाशा झाला. कायद्याच्या हिशेबात एक किलोपर्यंतचा गांजा ‘अल्प प्रमाण’ धरला जातो. दोन दिवसांत तिला जामीनही मिळाला. अटक तिच्या नवऱ्यालाही झाली होती, पण मोबाईलवर फिरलेले विनोद बहुतेक तिच्यावरच होते.

गंमत अशी, की हे चालू असतानाच २ डिसेंबर २०२० रोजी व्हिएन्नात संयुक्त राष्ट्रांच्या अमली पदार्थ आयोगात गांजाला सर्वांत घातक द्रव्यांच्या यादीतून वगळण्याचा ठराव २७ विरुद्ध २५ मतांनी संमत झाला. भारताचे मत ठरावाच्या बाजूने पडले. व्हिएन्नात एक आणि मुंबईत दुसरेच.

अमेरिकेत फेब्रुवारी २०१९ मध्ये कमला हॅरिस यांनी रेडिओवरच्या मुलाखतीत आपण कॉलेजात असताना गांजा ओढल्याचे हसत सांगितले. पुढच्या वर्षी त्या उपाध्यक्षपदी निवडून आल्या. १९९२ मध्ये बिल क्लिंटन यांना ‘ओढला, पण धूर आत घेतला नाही’ अशी सारवासारव करावी लागली होती. लोकमत किती सरकले ते यावरून कळते. तरी तिकडच्या मोकळेपणाला आम्ही लगेच मुजरा करणार नाही. अभिनेत्री व्हूपी गोल्डबर्ग यांनी २०१६ मध्ये मासिक पाळीच्या वेदनांसाठी गांजायुक्त उत्पादने विकणारी कंपनी काढली, ती चार वर्षांत बंदही पडली. पाळीच्या दुखण्यावर चारचौघांत बोलणे चांगलेच. पण कबुली देणारी बाई आणि माल विकणारी बाई एकच असेल, तर ऐकणाऱ्याने खिसा सांभाळावा.

आता आपल्या घरात या. मालवणपासून कणकवलीपर्यंत किती आज्यांच्या कमरेला मशेरीची डबी असते, हे आम्ही सांगायला नको. तव्यावर तंबाखू काळी होईपर्यंत भाजायची, घरभर ठसका उठतो, पोरे खोकत अंगणात पळतात. मग ती हाताने चुरायची आणि सकाळी पहिले काम म्हणजे बोटावर घेऊन हिरड्यांना लावायची. सून पोटुशी असली तरी तिलाही ‘वायच लाव, बरा वाटात’ म्हणणारी सासू आहेच. २०१६-१७ च्या देशव्यापी पाहणीत १२.८ टक्के स्त्रिया धूर नसलेली तंबाखू वापरत असल्याचे दिसले. अशा तंबाखूने तोंडाचा कर्करोग होतो, पोटातल्या बाळाचे वजन घटते. तरी मशेरी लावणारीला कुणी ‘नशेबाज’ म्हणत नाही. गावच्या राखणदार देवचाराला विडी आणि दारूचा मान आहे, जत्रेत बुवाच्या चिलमीपुढे वाकून नमस्कार आहे. गांजा काही परदेशातून आलेला पाहुणाही नव्हे. इंग्रजांच्या राज्यात नगर जिल्ह्यात त्याची राजरोस लागवड होत होती आणि १८९४ मध्ये भांग-गांजाच्या चौकशी आयोगाने बंदी नको, कर आणि नियंत्रण पुरे, असा सल्ला दिला होता. बंदीचा आजचा कायदा १९८५ चा. त्यातही नुसती पाने गांजाच्या व्याख्येबाहेर राहिली, म्हणून उत्तरेत भांगेची सरकारमान्य दुकाने चालतात.

याचा अर्थ गांजा मोकळा करा, असा कुणी काढू नये. कोवळ्या वयात नेमाने ओढणाऱ्यांत भ्रमिष्टपणाचा धोका वाढतो, हे वैद्यकाने दाखवले आहे. तारकर्ली-देवबागकडे वळणारी गाडी आमच्या तिठ्यावरूनच वळते आणि पर्यटनाबरोबर काय काय येते, ते पोलिसांना ठाऊक आहे. विकणाऱ्याला धरा, त्याबद्दल दुमत नाही. आमचे भांडण लाजेच्या दुटप्पी मापाशी आहे. एम्सने २०१९ मध्ये दिलेल्या अहवालानुसार वर्षभरात भांग, गांजा, चरस यांपैकी काही घेणारे देशात सुमारे ३ कोटी १० लाख लोक आहेत. त्यात बायका कमी आहेत, पण आहेत. दीपिकासारख्या बाईला वकिलांची फौज मिळते. कुडाळात भाड्याच्या खोलीत राहून शिकणाऱ्या पोरीला सवय लागली, तर ती आईलाही सांगणार नाही, कारण टीव्हीवर काय झाले ते तिने पाहिले आहे.

अमली पदार्थांच्या त्या १९८५ च्याच कायद्यात कलम ६४ अ आहे. व्यसनी व्यक्ती अल्प प्रमाणाच्या किंवा सेवनाच्या गुन्ह्यात अडकली आणि सरकारी किंवा मान्यताप्राप्त रुग्णालयात स्वतःहून उपचार घेऊन ते पूर्ण केले, तर तिच्यावर खटला चालत नाही. ही तरतूद टीव्हीवरच्या चर्चांत कितीदा ऐकलीत? केंद्राची व्यसनमुक्तीची मदतवाहिनी १४४४६ आहे. हा क्रमांक आणि हे कलम प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्राच्या, कॉलेजच्या आणि मुलींच्या वसतिगृहाच्या फलकावर मराठीत लागले पाहिजे. ओरोसच्या जिल्हा रुग्णालयात स्त्रियांसाठी स्त्री समुपदेशक, वेगळी वेळ आणि वेगळे दार हवे, म्हणजे केसपेपरच्या रांगेत गावचा माणूस भेटेल या धास्तीने कुणी माघारी फिरणार नाही. जिल्हा नियोजन समितीच्या पुढच्या बैठकीत पालकमंत्र्यांनी यासाठी किती तरतूद केली, ते आम्ही विचारणार आहोत.