आकाशातली जत्रा

लढाऊ विमानांच्या कसरती पाहायला लहान मुलांना न्यावे की नाही, हा प्रश्न हल्ली कुणी विचारीत नाही. उलट, नेले नाही तर शेजारी विचारतात. मला मात्र तो विचारण्याजोगा वाटतो. आणि फराळाच्या ताटाशी बसलेल्या वाचकांच्या तोंडची चव थोडी बिघडली, तरी तो आज विचारणार आहे.

प्रथम एक गोष्ट स्पष्ट करतो. सैन्य नकोच, असे म्हणणाऱ्यांपैकी मी नव्हे. शेजाराचा भरवसा नसेल तर दाराला कडी हवीच. २०१९ च्या महापुरात सांगली-कोल्हापूरच्या मदतीला हवाई दलाची माणसे धावून आली, हे आपण कसे विसरावे? वैमानिकांच्या धैर्याविषयी माझ्या मनात आदरच आहे. माझे भांडण आहे ते जत्रेशी.

१२ ते १४ जानेवारी २०२४ असे तीन दिवस मुंबईत मरीन ड्राइव्हवर हवाई दलाची प्रात्यक्षिके झाली. वर्गातली काही मुले घेऊन मीही गेलो होतो. कठड्यावर मुंगी शिरायला जागा नव्हती. सूर्यकिरण पथकाची विमाने एका दोऱ्यात ओवल्यासारखी वळत होती. ते दृश्य सुंदर होते, हे नाकारणे खोटेपणाचे होईल. मग सुखोई आले. ते डोक्यावरून निघूनही गेले आणि मागाहून त्याचा आवाज आला, थेट छातीत बसणारा. कडेवरची पोरे किंचाळून रडू लागली. आया हसत हसत त्यांची समजूत घालीत होत्या, "अरे वेड्या, आपलंच विमान आहे ते!"

मला विचाराल, तर त्या सबंध गर्दीत विमानाचा खरा अर्थ त्या रडणाऱ्या पोरांनाच कळला होता. सुखोई सुमारे आठ टन दारूगोळा वाहून नेऊ शकते. तो जिथे पडतो तिथेही कडेवर पोरे असतात. आणि तिथल्या आईला 'आपलंच आहे' असे म्हणण्याची सोय नसते.

इतिहास काय सांगतो? राइट बंधूंचे विमान १७ डिसेंबर १९०३ रोजी उडाले. त्याला आठ वर्षेही पुरी झाली नव्हती, तोच १ नोव्हेंबर १९११ रोजी एका इटालियन वैमानिकाने लिबियात त्रिपोलीजवळ विमानातून हाताने बॉम्ब टाकले. पाखरासारखे उडण्याचे माणसाचे हजारो वर्षांचे स्वप्न. त्याला नासायला आठ वर्षेदेखील लागली नाहीत! पुढे ६ ऑगस्ट १९४५ रोजी हिरोशिमावर अणुबॉम्ब पडला आणि त्या वर्षअखेरपर्यंत सुमारे १ लाख ४० हजार माणसे मेली. ज्या विमानातून तो पडला त्याचे नाव 'एनोला गे'. ते नाव वैमानिकाच्या आईचे होते. मुलाने आईचे नाव मोठ्या प्रेमाने विमानावर रंगविले, आणि त्या नावाखाली हजारो आया जळाल्या. 'आपले' विमान म्हणजे काय, हे याहून स्पष्ट कोण सांगणार?

आणि हे पाप परक्यांचेच आहे, असेही नाही. मिझो बंडाच्या वेळी, ५ मार्च १९६६ रोजी, आपल्याच विमानांनी आपल्याच देशातल्या ऐजॉलवर हल्ला केला. तिथले लोक वर पाहून काय म्हणाले असतील?

कुणी म्हणेल, "मास्तर, मुलांत देशाभिमान नको का जागवायला?" जागवा ना! पण देशाभिमान म्हणजे केवळ आवाजाची मौज नव्हे. १९ सप्टेंबर १९६५ रोजी गुजरातचे मुख्यमंत्री बळवंतराय मेहता यांचे विमान कच्छच्या हद्दीवर एका पाकिस्तानी लढाऊ विमानाने पाडले. ते साधे प्रवासी विमान होते. आतले सारे मेले. छेचाळीस वर्षांनी, २०११ साली, ते पाडणाऱ्या वैमानिकाने मृत भारतीय वैमानिकाच्या मुलीला पत्र लिहून आपले दुःख कळविले. तिनेही त्याला क्षमेचे उत्तर दिले. हुकूम पाळणाऱ्याच्या मनातही ते विमान छेचाळीस वर्षे कोसळतच राहिले होते! ही हकिकत मी वर्गात सांगितली, तेव्हा एरवी चुळबुळणारी पोरे गप्प झाली. कसरतींच्या दिवशी ती टाळ्या पिटीत होती. दोन्हींपैकी शिक्षण कशाला म्हणावे, हे सुज्ञांनी ठरवावे.

माझे मागणे फार नाही. प्रात्यक्षिके बंद करा, असे मी म्हणत नाही. ध्वनिक्षेपकावरून वेग सांगता, उंची सांगता, तशी पाच मिनिटे हेही सांगा की हे यंत्र कशासाठी बनविले आहे आणि ते चालले म्हणजे खाली काय उरते. सैनिकाला हे ठाऊक असते; म्हणूनच तो युद्धाविषयी आपल्याइतका उतावीळ नसतो. अज्ञान आहे ते कठड्यावर शेंगा खात बसलेल्यांचे. आणि युद्ध हवे की नको, हे लोकशाहीत अखेर ठरविणार तेच. उद्या त्यांची मुले. शस्त्र घरात ठेवावे लागत असेल तर ठेवू; पण त्याला खेळणे म्हणून मुलांच्या हाती देऊ नये, एवढे तरी शहाणपण आईबापांना आणि मास्तरांना असायलाच हवे.