चकाकी हवी, पण बेताची!

दिवाळीच्या झाडलोटीत भिंतीवरच्या तसबिरी खाली उतरतात, पुसल्या जातात आणि पुन्हा आपापल्या खिळ्याला जाऊन लागतात. पुसता पुसता एक विसंगती अनेक घरांत ध्यानात येत असेल. पगडी घालून खुर्चीत ताठ बसलेले पणजोबा तांबूस झाले तरी अजून स्पष्ट ओळखू येतात. उलट वीसेक वर्षांपूर्वी घरच्या प्रिंटरवर हौसेने छापलेल्या बारशाच्या फोटोतले बाळ मात्र पार निस्तेज होऊन गेलेले असते. पणजोबांच्या वेळचा कॅमेरा सरस होता, असे मुळीच नाही. फरक पडला तो कागदाने आणि शाईने.

आज प्रत्येकाच्या फोनमध्ये हजारो छायाचित्रे असतात. त्यांतले भिंतीवर लावण्याजोगे एखादेच. समजा, संक्रांतीला काळी चंद्रकळा नेसून खिडकीपाशी बसलेल्या आजीचे असे एक छायाचित्र साधले आहे. ते मोठे करून घ्यायला आपण दुकानात जातो. तिथे पहिला प्रश्न येतो, "साहेब, ग्लॉसी काढू की मॅट?" आपण म्हणतो, "जे चांगले असेल ते काढा." आणि दुकानदार जे अधिक खपते ते काढून देतो! वाचकहो, हे 'चांगले' म्हणजे नेमके काय, एवढाच आजच्या गप्पांचा विषय.

हा वाद मुळीच नवा नाही. १८५० साली ब्लांकार-एव्हरार या फ्रेंच गृहस्थाने अंड्यातल्या पांढऱ्या बलकाचा थर दिलेला छायाचित्रणाचा कागद पुढे आणला. त्या बलकाने कागदाला झळाळी आली आणि बारकावेही उठून दिसू लागले. पुढे १८७३ साली विल्यम विलिस या इंग्रजाने प्लॅटिनमची छपाई शोधली. तिला चकाकी अजिबात नव्हती, आणि कलावंत मंडळी तिच्यावरच लुब्ध झाली. म्हणजे ग्लॉसी आणि मॅट हे दोन पक्ष दीडशे वर्षांचे जुने आहेत, आणि दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे.

चकचकीत कागदाचा पृष्ठभाग आरशासारखा गुळगुळीत असतो. त्यावर पडलेला उजेड एकाच दिशेने परततो. ती दिशा टाळून पाहिले, की काळा रंग अगदी गडद दिसतो. मॅट कागदाचा पृष्ठभाग खरबरीत. तो उजेड चहूकडे उधळतो, आणि त्यातला थोडा कुठूनही पाहिले तरी डोळ्यांत येतोच. म्हणून काळ्यावर राखेची पुसट छटा चढते. आकड्यांत सांगायचे तर, काळ्या भागावर शंभर भाग उजेड पडला, तर चांगल्या चकचकीत कागदावरून त्यातला सुमारे अर्धा भाग परत येतो. मॅटवरून दोन-अडीच भाग. फरक दिसायला थोडका, पण आजीची चंद्रकळा काळी दिसणार की करडी, हे त्यावरच ठरते.

मग ग्लॉसीच घ्यावा? तोही घेऊन पाहा! समोरच्या भिंतीवर दिवा असला, की आजीच्या कपाळावर कुंकवाशेजारी आपली ट्यूबलाइट उगवते. दुपारी खिडकी दिसते, संध्याकाळी पाहणारा स्वतःच दिसतो. शिवाय बोटांचे ठसे आणि ओरखडे ग्लॉसीवर लगेच उठून दिसतात.

यावर तोड म्हणजे मंद झळाळीचा कागद. त्याचे दोन मुख्य प्रकार ध्यानात ठेवावेत. पहिला सॅटिन किंवा लस्टर. यात कागदाला दोन्ही अंगांनी प्लॅस्टिकचा पातळ थर असतो. लस्टरवर त्याशिवाय बारीक दाणा उमटवलेला असतो. तो स्वस्त, टणक आणि हाताळायला सोपा. अल्बमला, मुलांच्या खोलीला उत्तम. दुसरा प्रकार बरायटा. यात कागदाच्या धाग्यांवर बेरियम सल्फेटचा पांढराशुभ्र लेप असतो. पोटाचा एक्स-रे काढण्यापूर्वी डॉक्टर जे पांढरे पेय प्यायला देतात, त्यातला हाच पदार्थ. अंधाऱ्या खोलीत छायाचित्रे धुण्याच्या काळात उत्तम कागदांना हाच लेप असे. बरायटावर उमटवलेला दाणा नसतो. झळाळी रेशमी वस्त्रासारखी आतून आल्यागत वाटते आणि काळा रंग जवळजवळ ग्लॉसीइतका खोल राहतो. आजीच्या चित्राला आमचे मत बरायटालाच. धुक्यातला घाट किंवा जलरंगासारखे फिकट दृश्य असेल, तर मात्र खुशाल मॅट घ्यावा. तिथे गडद काळ्याचे कामच नसते.

कागद निवडला म्हणजे निम्मे काम झाले. उरलेले निम्मे शाईचे. इंकजेट यंत्राची शाई दोन जातींची. 'डाय' शाईत रंग विरघळलेला असतो. दिसायला टवटवीत, पण उजेडाने आणि हवेतल्या ओझोनने ती लवकर विटते. बारशाच्या फोटोचा घात बहुधा तिनेच केला. 'पिगमेंट' शाईत रंगाचे अतिसूक्ष्म कण असतात. ती पुष्कळच टिकाऊ. दुकानात विचारावे, "शाई पिगमेंट आहे ना? आणि काळी कोणती, फोटो ब्लॅक की मॅट ब्लॅक?" मंद झळाळीच्या कागदाला फोटो ब्लॅक लागते. मॅट ब्लॅक वापरली, तर काळ्याची खोली जाते आणि शाई नीट बसतही नाही.

आता थोडे पांढऱ्याविषयी. धोतराला नीळ घातली की ते अधिक शुभ्र भासते, हे घरोघरी ठाऊक आहे. कित्येक कागदांतही अशीच एक रासायनिक 'नीळ' असते. ती अदृश्य अतिनील किरणे घेऊन निळसर प्रकाश देते. काळाने तिचा गुण ओसरतो आणि कागद आपल्या मूळ पिवळसर वर्णावर येतो. परीक्षा सोपी आहे. नोटा तपासायचा जांभळा दिवा कागदावर धरावा; कागद निळा झळकला, तर नीळ आहे असे समजावे. चार-दोन वर्षांसाठी चित्र हवे असेल तर बिघडत नाही. पिढ्यांसाठी हवे असेल, तर नीळ नसलेला, आम्लविरहित, सुती धाग्यांचा कागद मागावा. कॅन्सन या जुन्या फ्रेंच कंपनीचा 'प्लॅटीन फायबर रॅग' हा अशा कागदाचा एक नमुना. वजन चौरस मीटरला ३१० ग्रॅम. कचेरीतला नेहमीचा कागद ७०-८० ग्रॅमचा असतो, यावरून त्याच्या जाडीची कल्पना यावी.

असा कागद महाग पडतो, हे खरे. म्हणून आधी पोस्टकार्डाएवढे दोन-तीन नमुने निरनिराळ्या कागदांवर काढून घ्यावेत. ते दुकानातल्या झगझगाटात न पाहता घरी आणावेत आणि जिथे चित्र लावायचे त्याच भिंतीशी, दिवसा आणि दिवे लागल्यावर, धरून पाहावेत. तिरपे धरले असता काळ्या भागावर पितळी छटा येते का, पांढऱ्या केसांचा भाग भोवतालच्या रंगापेक्षा वेगळा चकाकतो का, हेही पाहावे. जिथे आधी चेहरा दिसतो आणि कागद मागाहून, तो नमुना आपला.

चौकटीविषयी दोन सूचना. छापून आल्या आल्या चित्र काचेत कोंडू नये. शाईतले द्रव उडून जायला निदान एक दिवस द्यावा, नाहीतर काचेवर आतून धुके धरते. आणि काच चित्राला टेकू देऊ नये, मध्ये जाड पुठ्ठ्याची कोर असावी. आपल्याकडच्या पावसाळ्यात काचेला चिकटलेले चित्र सोडवताना चेहरा काचेवर राहतो आणि हातात कोरा कागद येतो!

शेवटी, चित्र चौकटीत घालण्यापूर्वी त्याच्या पाठीवर कडेला मऊ पेन्सिलीने नाव, गाव आणि साल लिहावे. बरायटाच्या पाठीवर पेन्सिल छान उमटते. प्लॅस्टिकच्या थरावर ती नीट धरत नाही, तिथे वेगळी चिठ्ठी जोडावी. पगडीवाले पणजोबा चेहऱ्याने स्पष्ट आहेत. पण त्यांच्या शेजारी उभा असलेला मुलगा कोण, हे आज कितीजणांना सांगता येते? रंग टिकवण्यासाठी एवढा खटाटोप करायचा, तर नावाची एक ओळ लिहायला आळस का करावा?