ऑटोमोबाईल घेऊ का?

इंजिनिअरिंग प्रवेशाचे कॅप राउंड सुरू झाले की ओळखीतल्या पालकांचे फोन येऊ लागतात. ‘पोराला ऑटोमोबाईल मिळतंय. घ्यावं, की कॉम्प्युटरच बरं? इंजिनं बंद होणार म्हणतात ना!’ पिंपरी-चिंचवडमध्ये ज्यांच्या फ्लॅटचे हप्ते गाड्यांच्या कारखान्यांनी फेडले, तीच मंडळी हे विचारतात, याची मला गंमत वाटते.

इंजिनं काही उद्या बंद पडत नाहीत. 2020 हे वर्ष आठवा. जानेवारीत बजाजची चेतक विजेवर चालणारी होऊन परत आली आणि 1 एप्रिलला देश बीएस-5 गाळून बीएस-4 वरून थेट बीएस-6 वर गेला. म्हणजे इंजिनाचा धूर कमी करणारे अभियंतेही हवे होते आणि इंजिनच नसलेली गाडी बनवणारेही.

आपल्या बऱ्याच कॉलेजांत लाल-पिवळं रंगवलेलं कट-सेक्शन इंजिन असतं. हँडल फिरवलं की पिस्टन वर-खाली होतो. ते पोरांनी बघावंच. पण तिथेच थांबून चालत नाही. टाकीत पेट्रोल किती उरलं हे फ्लोट सांगतो. बॅटरीत तरंगणार काय? आपल्याकडच्या अनेक गाड्यांत एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) सेल असतात. एका सेलचं व्होल्टेज साधारण 3.2. चार्जिंग 70 टक्के असो की 40, या आकड्यात फारसा फरक पडत नाही. त्यामुळे आत किती करंट गेला, बाहेर किती आला, सेल किती तापलाय, याचा हिशेब सॉफ्टवेअरला सतत ठेवावा लागतो. त्यात चूक साचत गेली तर डॅशबोर्डवर चार्जिंग शिल्लक दिसत असताना गाडी खंबाटकीच्या चढावर मान टाकू शकते. आता हा विषय मेकॅनिकलचा, इलेक्ट्रिकलचा की कॉम्प्युटरचा? भांडण विभागप्रमुखांचं; गाडीला तिन्ही लागतात.

आणि जुनं काही वाया जात नाही. पोरं ज्याला कंटाळतात तो हीट ट्रान्सफर बॅटरी थंड ठेवताना पदोपदी लागतो. इंजिनाचा आवाज गेला की गिअरची आणि टायरची कुरकुर उघडी पडते, म्हणून व्हायब्रेशनवालाही हवाच. ब्रेक, सस्पेन्शन तर कुठेच गेलेले नाहीत.

अभ्यासक्रम उद्योगाच्या मागेच राहणार. समित्यांचा वेग आपल्याला ठाऊक आहे. ती कसर, पोरांनी स्वतः गाडी बनवून ट्रॅकवर उतरवायच्या बाहासारख्या स्पर्धा भरून काढतात. 2007 मध्ये पीथमपूरला सुरू झालेल्या या स्पर्धेत आता विजेवरच्या गाड्यांचाही गट आहे. रात्री जागून स्वतः वेल्डिंग केलेली चौकट ट्रॅकवर तुटली की जे समजतं, ते व्हायव्हाच्या तयारीत समजत नाही.

तेव्हा माझं उत्तर : आवड असेल तर ऑटोमोबाईल बेलाशक घ्या, फक्त कॉलेज पारखून. प्रवेशाआधी कामाच्या दिवशी वर्कशॉपमध्ये जा. बॅटरी पॅक उघडून शिकवतात का, बाहाची टीम आहे का, हे सरांना नव्हे, तिसऱ्या वर्षाच्या मुलांना विचारा. प्लेसमेंटचा बोर्ड नंतर वाचा.