जकातीची वही आणि टॅक्सची वही

रमजान जवळ आला की कोंढव्यात, कॅम्पात, मोमीनपुऱ्यात घराघरांत दुकानं सुरू होतात. कुणी अबाया विकतं, कुणी ड्रेस मटेरियल, कुणी खजूर आणि सुकामेवा. पाटी नसते. बैठकीच्या खोलीतलं एक कपाट, मोबाइलवरचा ग्रुप आणि क्यूआर कोड, एवढाच पसारा. यातली बहुतेक दुकानं बायका चालवतात.

आमच्या इमारतीतल्या एक भाभी काही वर्षांपासून अबाया विकतात. परवा रिटर्नचा विषय निघाला. कुणीतरी त्यांना सल्ला दिला होता की घरभाडं, लाइट बिल, किराणा, मुलांची फी, सगळंच धंद्याच्या खर्चात दाखवा. भाईजानचं म्हणणं उलट होतं, "घरातला टाइमपास आहे, काहीच दाखवू नकोस." मला दोन्ही सल्ले चुकीचे वाटतात. पहिल्यात खोटेपणा आहे आणि दुसऱ्यात बाईच्या कष्टाला शून्य किंमत आहे.

आयकराचं तत्त्व साधं आहे. जो खर्च पूर्णपणे आणि केवळ धंद्यासाठी झाला, तोच वजा होतो. किराणा आणि फी त्यात कधीच बसत नाही. भाड्याच्या तीन खोल्यांपैकी एक खोली फक्त मालासाठी असेल, तर भाड्याचा आणि विजेचा तेवढा वाटा मागता येतो. त्याच खोलीत रात्री पाहुणे झोपत असतील, तर वाटा कमी धरायला हवा. घर स्वतःचं असेल तर स्वतःलाच भाडं दिल्याचं दाखवता येत नाही.

बहुतेक छोट्या विक्रेत्यांना एवढ्या खोलात जावंही लागत नाही. १९६१ च्या कायद्यातल्या कलम ४४एडीनुसार २ कोटींपर्यंतच्या उलाढालीवर ८ टक्के, आणि बँकेतून किंवा यूपीआयने आलेल्या रकमेवर ६ टक्के नफा धरला जातो. नवा कायदा आला तरी ही सोय कायम आहे. भाभींची वर्षाची विक्री ६ लाख आणि सगळी यूपीआयने, असं धरलं तर नफा ३६ हजार. बाकीचा सगळा खर्चच मानला गेला, म्हणून भाडं पुन्हा वेगळं वजा करता येत नाही. खरा नफा जास्त असेल तर तो जास्तच दाखवावा. मात्र दुसऱ्याचा माल कमिशनवर विकणाऱ्यांना ही सोय नाही. त्यांना खर्चाचा हिशोब ठेवावाच लागतो.

घर आणि धंदा वेगळा करायचा हे आपल्याला नवं आहे का? जकात काढताना भाभी हेच करतात. विक्रीच्या अबाया मोजतात, अंगावरची मोजत नाहीत. शिलाई मशीन हे कामाचं साधन, म्हणून ते सोडतात. एवढा बारीक हिशोब रमजानमध्ये जमतो, तर मार्चअखेर का जमू नये? देण्याघेण्याचा व्यवहार लिहून ठेवा, असं सांगणारी सूरह बकरामधली २८२ वी आयत कुरआनातली सर्वांत लांब आयत आहे. हजरत खदीजा व्यापारी होत्या, हे आपण प्रत्येक जलशात अभिमानाने सांगतो. मग आपल्याच घरातल्या व्यापारी बाईची साधी वही का नसावी?

अडचण कागदांची आहे. भाडेकरार नवऱ्याच्या नावावर, लाइट बिल सासऱ्यांच्या नावावर, कधी क्यूआर कोडही मुलाच्या खात्याचा. धंदा तिचा, पण कागदावर ती कुठेच नाही. उद्या मुद्रा कर्ज मागायला गेली तर बँक उलाढालीचा पुरावा मागेल. तेव्हा "टाइमपास" म्हणून चालणार नाही. तिला टॅक्स कदाचित एक रुपयाही लागणार नाही, पण भरलेला रिटर्न हा तिच्या कमाईचा तिच्या नावावरचा कागद असतो.

म्हणून भाभींना मी एवढंच सांगितलं की विक्रीसाठी स्वतःच्या नावाचं वेगळं खातं उघडा, भाड्यातला आपला वाटा नवऱ्याला त्या खात्यातून द्या आणि रोज रात्री चार ओळी लिहा. भाईजान हसले. भाभी हसल्या नाहीत. त्यांनी मुलाची जुनी वही मागवली आणि कोरी पानं मोजायला घेतली.