फीचा हप्ता आणि हॉलमधला टीव्ही

तालुक्याच्या गावात बँकेच्या कर्जविभागात मी बरीच वर्षं काढली. जून-जुलै आला की शैक्षणिक कर्जाची गर्दी सुरू व्हायची. वडिलांच्या हातात प्लास्टिकची फाइल, तीत सातबारा, उत्पन्नाचा दाखला आणि गुणपत्रिका. आई दोन पावलं मागे उभी. एकदा अशाच एका आईनं फाइलमधल्या माहितीपत्रकावर बोट ठेवून मला विचारलं, "टीव्हीवर दाखवतात तेच कॉलेज ना हे, साहेब?" फी किती, शाखा कोणती, हे तिला नीट ठाऊक नव्हतं. टीव्हीवर दिसतं, एवढा दाखला तिला पुरत होता.

त्या बाईला नावं ठेवायची माझी इच्छा नाही. तिच्या पिढीनं टीव्हीवर विश्वास ठेवला, त्याला कारण आहे. २ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबई दूरदर्शन सुरू झालं, आणि पुढच्या काळात 'ज्ञानदीप' आणि 'आमची माती, आमची माणसं' हे कार्यक्रम पाहायला लोक शेजाऱ्यांच्या ओसरीवर जमत. १९८४ मध्ये पुण्यात बालचित्रवाणी उभी राहिली. त्याच वर्षी विद्यापीठ अनुदान आयोगाचे महाविद्यालयीन विद्यार्थ्यांसाठीचे कार्यक्रम दूरदर्शनवर सुरू झाले. हा पडदा आपल्या पोराबाळांना चार अक्षरं शिकवील, ही समजूत भाबडी नव्हती, ते सरकारचंच धोरण होतं.

नेमक्या त्याच सुमारास दुसरी एक गोष्ट घडली. १९८३ साली वसंतदादा पाटलांच्या सरकारनं राज्यात विनाअनुदानित अभियांत्रिकी आणि वैद्यकीय महाविद्यालयांना दार उघडलं. सरकारच्या तिजोरीत नव्या कॉलेजांसाठी पैसा नव्हता आणि मुलं देणग्या भरून कर्नाटकात शिकायला जात होती. या निर्णयामुळे कितीतरी शेतकऱ्यांची मुलं इंजिनिअर झाली, हे नाकारणं खोटेपणाचं होईल. पण त्याच दिवसापासून शिक्षणाचं बिल घराच्या नावावर फाटायला लागलं. चारच वर्षांत, १९८७ मध्ये, देणगीवर बंदी घालणारा कायदा करावा लागला. २००२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं विनाअनुदानित संस्थांचा फी ठरवण्याचा हक्क मान्य केला आणि नफेखोरीला मनाई केली. २०१५ च्या राज्य कायद्यानं शुल्क नियामक प्राधिकरण आलं. कायदे झाले, न्यायनिवाडे झाले, तरी फी चढतच राहिली.

नव्वदच्या दशकात उपग्रह वाहिन्या आल्या आणि पडद्याचं काम बदललं. पूर्वी 'चारचौघांसारखं' म्हणजे आपल्या गल्लीतल्या चौघांसारखं. शेजाऱ्याचा पगार, त्याची उधारी आपल्याला माहीत असे, त्यामुळे तुलनाही मापात राहत असे. मालिकेतल्या घराचं तसं नाही. तिथं प्रशस्त स्वयंपाकघर असतं, आठवडाभर चालणारं लग्न असतं, परदेशातून परतलेला मुलगा असतो. पण तिथली आई भिशीचे पैसे मोजताना किंवा बाप सोसायटीच्या कर्जाचं नवं-जुनं करताना सहसा दिसत नाही. वर्षानुवर्षं रोज रात्री हे पाहिल्यावर आपलं धड चाललेलं घरही उणं वाटू लागतं. मग ते उणेपण एका झटक्यात भरून काढायचा एकच रस्ता दिसतो: पोराचं मोठं कॉलेज.

आता तर सगळं मोबाइलवर असतं, मग टीव्हीचं एवढं काय, असं कोणी विचारील. मोबाइल ज्याचा त्याच्या हातात असतो. घरातली सगळी माणसं एकत्र पाहतात तो टीव्ही, आणि प्रवेशाचा निर्णयही त्याच हॉलमध्ये होतो. बारावीचा निकाल लागला की वृत्तवाहिन्यांवर संस्थाचालकांच्या मुलाखती सुरू होतात. निवेदक नेहमीचा, प्रश्न आदबीचे, आणि 'प्रायोजित' हा शब्द कोपऱ्यात बारीक अक्षरांत. बातमी कुठं संपली आणि जाहिरात कुठं सुरू झाली, हे दिवसभर राबून आलेल्या माणसाला कळावं तरी कसं? क्लासच्या जाहिरातींत यशस्वी मुलांचे फोटो झळकतात. त्या मुलानं तिथं दोन वर्षं काढली की फक्त चार सराव परीक्षा दिल्या, हे कळत नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं क्लासच्या अशा जाहिरातींसाठी नियमावली काढली, ती यामुळेच.

जाहिरातीत जे कधीच येत नाही ते गणित इथं मांडतो. समजा, फी वर्षाला १ लाख २० हजार. चार वर्षांचे झाले ४ लाख ८० हजार. व्याज १० टक्के. शिक्षणाची चार वर्षं आणि पुढचं एक वर्ष हप्ता भरावा लागत नाही, म्हणून घरच्यांना हायसं वाटतं. पण व्याज पहिल्या उचलीपासून चालूच असतं. सरळव्याजानं धरलं तरी या काळात १ लाख ६८ हजार चढतात. हप्ते सुरू होतात ६ लाख ४८ हजारांवर. दहा वर्षांची मुदत घेतली तर महिन्याला साधारण साडेआठ हजार, आणि अखेरीस भरलेली रक्कम दहा लाखांच्या वर. यात खोली, मेस, लॅपटॉप धरलेला नाही. पहिली नोकरी पंधरा-अठरा हजारांची लागली, तर पुण्यात खोलीभाडं देऊन हा हप्ता कसा भरायचा? वडील सहकर्जदार असतात. हप्ते थकले की त्यांचाही सिबिल स्कोअर घसरतो, आणि उद्या ट्रॅक्टरसाठी बँकेत गेले तर तिथं अडतात.

सवलती आहेत, त्या माहीत असाव्यात. आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरांतील मुलींना २०२४-२५ पासून राज्यात व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण फी माफ आहे. पण प्रवेश केंद्रीय प्रक्रियेतून झालेला हवा. व्यवस्थापन कोट्यातल्या जागेला ही सवलत नाही, आणि जाहिरातीवर भुलून घाईनं घेतलेली जागा बहुतेक वेळा त्याच कोट्यातली असते. कॉलेजची मंजूर फी शुल्क नियामक प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर पाहता येते. पावतीवरचा आकडा आणि तिथला आकडा पालकांनी शेजारी शेजारी ठेवून पाहावा. 'शंभर टक्के प्लेसमेंट' म्हणणाऱ्याला एवढंच विचारावं: मागच्या वर्षी या शाखेत मुलं किती होती, नेमणूकपत्रं किती जणांना मिळाली आणि निम्म्या मुलांना किती पगाराच्या आत समाधान मानावं लागलं? सर्वांत मोठ्या पॅकेजचा आकडा एकाच मुलाचा असतो.

पैशापेक्षाही मला जास्त भीती वाटते ती मुलांच्या गप्प बसण्याची. ज्या पोरासाठी जमीन गहाण पडते, ते 'मला हे जमत नाही' असं घरी म्हणू शकत नाही. माहितीपत्रकावर बोट ठेवणाऱ्या त्या आईचा मुलगा त्या दिवशी माझ्यासमोरच बसला होता. वडील झेरॉक्स काढायला खाली गेले, आई पाणी प्यायला उठली, तेव्हा तो हळूच म्हणाला, "मला आयटीआयला वायरमन करायचं होतं." तेवढ्यात वडील आले. मी पेन्सिलीनं खुणा केल्या होत्या तिथं त्यानं सह्या केल्या.

ठरलेल्या तारखेच्या आत प्रवेश रद्द केला तर कॉलेजला जास्तीत जास्त हजार रुपये कापून बाकी फी परत करावी लागते, आणि मूळ कागदपत्रं अडवून ठेवता येत नाहीत. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेचा हा नियम मला माहीत होता. त्या दिवशी ती तारीख उलटायला अजून आठ दिवस बाकी होते. मी बोललो नाही.